बाबांनी काय खाल्लं होतं

१२ नोव्हेंबर, रविवार सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मागच्या सोमवारी मिळालं. उत्तराला आठवडा लागला म्हणून रागावू नकोस, आधीच्या रागात आणखी भर नको. पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि जिन्यातच थांबलो. सव्वा वर्षात तू एक ओळ लिहिली नव्हतीस आणि मीही नाही. वरच्या मजल्यावरचे मास्तर मागून येत होते, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

इकडे सगळं ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. प्लंबर वॉशर बदलून गेला, आता तो वेगळ्या सुरात गळतो. खालच्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना आता सगळं लख्ख दिसतं आणि त्यामुळे माझ्या खिडक्यांवरची धूळही दिसते. भाऊजींचा गुडघा कसा आहे? चिमणीने फोटोत तोंड मिटून घेतलंय, म्हणजे पुढचे दात पडले असणार. तिला म्हणावं, मामाला दात नसलेली माणसंही आवडतात.

माझं काम बरं चाललंय. जानेवारीपासून मी कारखान्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झालोय. प्रमुख म्हणजे हाताखाली दोन माणसं आणि चाळीस उंदीर. तू मला ‘उंदरांचा आचारी’ म्हणायचीस ना, तो आता मुख्य आचारी झाला. अभिनंदन करू नकोस.

तुझ्या पुस्तकाची बातमी वाचून मात्र मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शब्दकोशांची मुद्रितं तपासलीस, आता स्वतःचं पुस्तक. खाण्यापिण्याच्या इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा, शाळेतल्या मुलांसाठी. आणि पहिला शब्द ‘डिलिशस’. दुसरा कुठला असणार? आपल्या घरात तेवढा एकच इंग्रजी शब्द रोज बोलला जायचा. बेकरीच्या फळीवर तो परदेशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यावरून बाबांनी तो शब्द वाचला आणि ‘डेलिशस’ असा वाचला. तू नववीत गेलीस तेव्हा त्यांचा उच्चार सुधारायला गेलीस. ते म्हणाले, भट्टी माझी आहे, शब्दही माझ्या पद्धतीने भाजणार. पावाच्या कडेचा तुकडा मोडायचे, डोळे मिटून चावायचे आणि जमला असेल तर तो शब्द म्हणायचे. जमला नसेल तर गप्प. त्या गप्प बसण्याची भट्टीवरच्या कामगारांना जास्त भीती वाटायची.

शब्दाचं मूळ तू पानभर लिहिलंस, ते मी तीनदा वाचलं. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘दे’ म्हणजे दूर आणि ‘लाकेरे’ म्हणजे भुलवणं, फूस लावणं. एखाद्याला भुलवून त्याच्या वाटेवरून बाजूला नेणं. त्याच कुळातून आनंदाचा ‘डिलाइट’ आला आणि त्यातली जी-एच ही अक्षरं ‘लाइट’च्या नादाने चुकून घुसली, मूळ शब्दाचा उजेडाशी काही संबंध नाही. दोरीच्या फासाचा लॅटिन शब्दही याच घरातला असावा, पण तुला खात्री नाही म्हणून तू तो पुस्तकात घेणार नाहीस. खात्री नाही ते लिहायचं नाही, हे तुझं पहिल्यापासूनचं.

तू लिहिलंयस की मुलांना हे वाचून गंमत वाटेल. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे एका वाटीत नुसतं धान्य आणि एका वाटीत आमचा माल ठेवतात आणि सकाळी दोन्ही वाट्या तोलतात. धान्य शिल्लक आणि माल फस्त, म्हणजे आम्ही पास. आमच्या पिशव्यांवर ‘आमिष’ असं छापलेलं असतं. हा शब्दही बघ. आधी त्याचा अर्थ मांस, खायची वस्तू. सामिष, निरामिषमध्ये तो अजून शिल्लक आहे. पण आज आमिष म्हटलं की गळच आठवतो. त्यांचा शब्द सापळ्यातून ताटात आला, आपला ताटातून सापळ्यात गेला. हवं तर पुस्तकात घे. याची मला खात्री आहे.

आता तुझा प्रश्न. तू पत्राच्या अगदी शेवटी, सहज विचारल्यासारखा विचारलायस. पुस्तक बाबांना अर्पण करणार आहेस. ते जाण्याआधीच्या शनिवारी तू फोन केला होतास. कितीतरी महिन्यांनी त्यांनी तुला नावाने हाक मारली आणि म्हणाले, परवा मला फार छान खायला मिळालं, डेलिशस. काय ते त्यांना सांगता आलं नाही. तू लिहितेस, ‘तूच दिलं असशील. काय होतं ते कळव, अर्पणपत्रिकेत तेवढी एकच ओळ घालायची आहे. त्या फोनवर मी वर्ष काढलंय.’

मी उठून चहा करून येतो.

दुपार

चहा झाला, जेवणही झालं, भांडी घासून झाली. आता घासायला काही उरलं नाही.

ताई, बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं की नाही यावरून आपलं भांडण झालं, तेव्हा मी म्हणालो होतो, मी जिवंत असताना बाबा परक्यांच्या हातचं खाणार नाहीत. ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. तू रडलीस आणि मी जिंकलो. पहिली दोन वर्षं मी खरंच नीट सांभाळलं, हे तूही मान्य करशील. दिवसा काकू बसायच्या, सकाळ-संध्याकाळ मी. ते मला कधी धाकटा भाऊ समजायचे, कधी बेकरीचा मुकादम. मुकादम समजले की पगारवाढ मागायचो आणि ते नाही म्हणायचे.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी खाणं सोडलं. सूप, दूध, मऊ भात, उकडलेलं अंडं, काहीही तोंडाशी नेलं की म्हणायचे, माती आहे. मी भरवायचो आणि ते गालात धरून ठेवायचे. अर्ध्या तासाने गाल दाबला की घास तसाच बाहेर. डॉक्टर म्हणाले, या वयात जिभेची चव जाते, वासाची जाणीव जाते, रेटू नका. अठ्ठेचाळीस किलोंवर आले होते. मी तुला फोनवर सांगायचो, खाताहेत थोडं थोडं.

त्याच महिन्यांत कारखान्यात आमच्या मालाच्या तक्रारी येत होत्या. उंदीर तोंड लावत नव्हते. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, वास असा कर की भिंतीतून बाहेर यायला हवेत. मी शेंगदाणे, काकवी, बडीशेप सगळं करून पाहिलं. काही जमेना. एका रविवारी मी घरीच तव्यावर पीठ भाजत बसलो. बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांना स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती, पण त्यांनी माझ्या हातातून उलथणं घेतलं आणि मला बाजूला सारलं. आच कमी केली. पीठ बदामी होईपर्यंत हलवत राहिले, मग लोण्याचा गोळा टाकला, मग चिमूटभर मीठ, मग साखर, आणि साखर करपायच्या आधी तवा उतरवला. सबंध घराला आपल्या बेकरीचा वास आला. मी ते वेळेनुसार कागदावर उतरवून घेतलं. काय उतरवून घेतोय आणि कशासाठी, हे त्यांना विचारावं किंवा सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही.

त्या पिठावर माल केला. सकाळी धान्याची वाटी भरलेली आणि आमची वाटी चाटून पुसून साफ. साहेबांनी मला मिठी मारायचीच बाकी ठेवली होती.

आमच्या मालात शेवटी दोन गोष्टी घालतात. एक निळा रंग, आणि एक फार कडू द्रव्य, माणसाच्या तोंडात गेलं तर त्याने थुंकून टाकावं म्हणून. कारखान्याचा नियम आहे, त्या दोन्हींशिवाय एक तुकडा बाहेर जात नाही. साहेबांना शंका होती की कडूमुळे उंदीर थोडं कमी खातात. ते तपासायला मी विष घातलेल्या पण रंग आणि कडू न घातलेल्या काही वड्या केल्या. पिंजऱ्यातले उंदीर खातात, पण बाहेरचे, शहाणे झालेले खातील का, हे मला बघायचं होतं. आपल्या तळघरात उंदीर आहेतच. म्हणून त्या गुरुवारी मी आठ वड्या कागदी पाकिटात घालून कोटाच्या खिशातून घरी आणल्या. कुणाला विचारलं नाही. पाकिटावर काही लिहिलं नाही. कोट खुंटीला लावला, काकूंना निरोप दिला आणि अंघोळीला गेलो. दहा मिनिटं. फार तर बारा.

बाहेर आलो तर बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. कोट मांडीवर. पाकीट फाडलेलं. दोन्ही हातांनी धरून, मूल खातं तसं खात होते. चार महिन्यांत मी त्यांना स्वतःच्या हाताने काही खाताना पाहिलं नव्हतं. माझ्याकडे बघून हसले. मला मुकादम समजले बहुतेक, कारण म्हणाले,

“आज भट्टी लागली. डेलिशस.”

पाकिटात तीन उरल्या होत्या.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, ताई.

पण पत्र इथे संपवलं तर ते नुसता अपघात सांगितल्यासारखं होईल. अपघात तिथपर्यंतच होता.

मी त्यांच्या तोंडात बोट घातलं, ते चावले. मिठाचं पाणी पाजायला गेलो, ते त्यांनी माझ्या अंगावर थुंकलं. मग ते रडायला लागले, कारण मी तीन वड्या हिसकावून घेतल्या होत्या. मी फोन हातात घेऊन उभा राहिलो. या विषाचं मला सगळं माहीत आहे, ताई, माझा धंदाच आहे. ते लगेच काही करत नाही. दोन-चार दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि आत रक्त पातळ होत जातं. त्यावर औषध आहे. साधं, स्वस्त, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात मिळणारं. फक्त काय खाल्लं ते वेळेवर सांगावं लागतं.

मी सांगितलं नाही.

मी हिशेब केला की माणूस उंदरापेक्षा केवढा मोठा, पाच वड्यांनी काय होणार. मग हिशेब केला की वड्या चोरून आणल्याचं कळलं तर नोकरी जाईल, पोलीस येतील, आणि मग बाबांना कोण बघणार. हे सगळं मी स्वतःला फार व्यवस्थित समजावलं. खरं एवढंच की मी घाबरलो होतो. बाकीची कारणं मी नंतर एकेक करून आणून त्या भीतीच्या अंगावर घातली.

शुक्रवारी ते छान होते. शनिवारी तर सूपही प्यायले आणि तू फोन केलास. मी शेजारीच उभा होतो. ते तुझ्याशी बोलत असताना मला वाटलं, सुटलो. फोन माझ्याकडे आला तेव्हा तू म्हणालीस, बाबा किती छान बोलले रे, तू खरंच छान ठेवलंयस त्यांना. आणि मी म्हणालो, हो, खाताहेत आता.

त्या वाक्यासाठी माफी मागायचीही मला लाज वाटते.

सोमवारी संध्याकाळी हिरड्यांतून रक्त आलं. मंगळवारी सकाळी दंडावर आणि पोटावर काळेनिळे डाग. मी टॅक्सी करून हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टरीण होती, केस घट्ट बांधलेली, सारखी घड्याळ बघणारी, पण कामाला पक्की. तिने मला तीनदा विचारलं. काही औषधं चालू आहेत का? रक्त पातळ व्हायच्या गोळ्या? घरात काही तोंडात गेलं का, साबण, फिनेल, उंदराचं औषध, विसराळू माणसं खातात. तिने अगदी तोच शब्द उच्चारला, ताई. मी तिच्या डोळ्यांकडे बघून म्हणालो, नाही. मग तिने फॉर्म पुढे केला आणि ‘रुग्णाने घेतलेला आहार’ या ओळीसमोर मी ‘नेहमीचा’ असं लिहून सही केली.

बुधवारी त्यांना रक्त चढवत होते. दुपारी मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती डबा खात होती. घास खाली ठेवून तिने विचारलं, काही सांगायचंय का? मी म्हणालो, त्यांना आणखी एक उशी हवीय. तिने स्वतः उठून उशी आणून दिली.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला बाबा गेले. तू चारला पोचलीस. कागदावर जठरातला व्रण, रक्तस्राव आणि वार्धक्य असं आलं. तू त्यांच्या दंडावरचे डाग बघून मला विचारलंस, पडले होते का रे? मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही आठवत नाही. पुढचे दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही आणि तुला वाटलं, भांडणाचा राग मी बाबांच्या अंत्यविधीतही सोडला नाही. तू चिडून गेलीस. तू चिडलीस याचं मला बरं वाटलं, कारण चिडलेलं माणूस प्रश्न विचारत नाही.

कारखान्यात परत गेलो त्या दिवशी साहेब म्हणाले, कडू काढून टाकू, निकाल चांगला आहे. मी म्हणालो, कडू काढलंत तर मी नोकरी सोडतो आणि का सोडली ते बाहेर सांगतो. कडू राहिलं, रंग राहिला. चांगलं म्हणावं असं मी तेवढं एकच केलं, आणि तेही बाबा गेल्यावर. माल बाजारात गेला आणि खूप खपला. म्हणून मी प्रमुख झालो. बाबांचं पीठ आता पोत्यांनी भाजतात. सकाळी फाटकातून आत शिरलं की तो वास येतो. मी तोंडाने श्वास घेत आत जातो.

सव्वा वर्ष मी हे कुणाला सांगितलं नाही आणि खरं सांगतो, सांगणारही नव्हतो. तुझा प्रश्न आला नसता तर असाच म्हातारा झालो असतो. आठवडाभर मी खोटी उत्तरं बनवत होतो. एकदा लिहिलं, खिमटी होती. एकदा लिहिलं, दुधातला पाव. चांगलं दिसत होतं. ‘दुधातला पाव’ अर्पणपत्रिकेत किती शोभला असता. मग वाटलं, ही खात्री नसलेलं अक्षर छापत नाही आणि हिच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी हे छापून घेणार. शाळेतली मुलं वाचणार. चिमणी वाचणार.

शुक्रवारी मी हॉस्पिटलात गेलो. ती डॉक्टरीण आता लहान मुलांच्या विभागात आहे. तिने मला ओळखलं नाही. मी बाबांचं वय, तारीख, खाटेचा नंबर सांगितला आणि मग सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच. शेवटी ती म्हणाली,

“मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं.”

मी हो म्हणालो.

“ते माझ्या हातून गेलेले पहिले पेशंट होते. काय चुकलं म्हणून मी महिनाभर पुस्तकं धुंडाळत होते.”

या गोष्टीचा मी कधी विचारच केला नव्हता, ताई. मला वाटायचं, मी जे केलं ते बाबांशी आणि तुझ्याशी केलं. ही मुलगी त्यात कुठे होती हेच मला माहीत नव्हतं. मी माफी मागितली तर ती म्हणाली, मला नका सांगू, लिहून द्या. मला हे कळवावंच लागेल, पण तुम्ही आधी स्वतः गेलात तर बरं. तिने सोमवारपर्यंतची मुदत दिली आहे.

उद्या सोमवार. सकाळी हे पत्र टाकेन आणि तिथूनच पोलीस ठाण्यात जाईन. पुढे काय होईल ते वकिलालाही नीट सांगता आलं नाही. साहेबांना मी काल कळवलं. कारखान्याचं नाव वाचेल असं सांग, म्हणाले. मी जे झालं तेच सांगणार आहे.

घराची किल्ली काकूंकडे ठेवतोय. त्यांनाही आज दुपारी सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळाने परत उघडून म्हणाल्या, किल्ली आण. बाबांचे सदरे, चष्मा आणि आईचा फोटो कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. हवे तेव्हा घेऊन जा, मी नसताना आलीस तरी चालेल. भाऊजींना हे पत्र वाचायला दे. चिमणीला आत्ता नको. कधी सांगायचं ते तू ठरव, पण मामा परगावी गेलाय असं सांगू नकोस.

पुस्तक बाबांना अर्पण कर. ओळ घालू नकोस, नुसतं नाव पुरे. त्या फोनवर तू वर्ष काढलंस आणि मी आज तो तुझ्याकडून काढून घेतला. त्यांचा आवाज, त्यांनी तुला नावाने मारलेली हाक, तेवढं खरं होतं. त्यात माझा हात नव्हता. तेवढं तुझ्याकडे ठेव.

उत्तर पाठवू नकोस असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. वाट बघेन.

तू नाही म्हणेपर्यंत तुझा,
धाकटा